डावा कोपरा रिकामा आहे

प्रो कबड्डीचे संघ राखून ठेवलेल्या खेळाडूंच्या याद्या जाहीर करतात, तेव्हा लोक आधी कोण सुटलं ते बघतात. अमक्याला सोडला? तमक्याला कसा काय ठेवला? दोन दिवस मोबाइलवर हीच चर्चा. मी त्या दोन दिवसांत वहीचं एकेक कोरं पान घेऊन त्यावर सात गोल काढतो. डावा कोपरा, डावा इन, डावा कव्हर, मध्य, आणि तसेच उजवीकडचे तीन. बारा संघ, बारा पानं. लिलावाआधी एका क्रीडा पानासाठी ‘कोणत्या संघाला काय हवं’ हा मजकूर मी लिहितो. तसा मी मुळात मातीवरचा पंच, आणि पोरांना पकड शिकवणारा. लिहिणं नंतर आलं.

२०२४चा लिलाव १५ आणि १६ ऑगस्टला मुंबईत झाला. ऑगस्टमधलं आमचं कोयनानगर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मैदानाचं तळं झालेलं, पोरं सभागृहात जोर मारतायत, शिवसागर जलाशय भरत आलेला, सगळ्यांचे कान धरणाचे दरवाजे कधी उचलणार तिकडे. घरात बसून जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहायला याहून चांगला महिना नाही. वारं सुटलं की वीज जाते, पण धरणाच्या गावात ही तक्रार कुणाकडे करायची?

तर ते सात गोल. राखलेल्या खेळाडूंची नावं त्यात भरायला घेतली की पहिली अडचण चढाईपटूंची येते. चढाईपटू म्हणजे चढाई करणारा, एवढंच प्रेक्षक धरून चालतो. पण त्याची चढाई तीस सेकंदांची. उरलेल्या वेळात, म्हणजे समोरचा संघ चढाईला आल्यावर, त्यालाही कुठंतरी उभं राहावंच लागतं. डावीकडून चढणारा बहुधा डाव्या इनला उभा राहतो, उजवीकडून चढणारा उजव्या इनला. आणि इनवाल्याचा हात कोपऱ्यातल्याच्या हातात असतो. दोघांची ती साखळी. कोपऱ्यातल्यानं घोट्याला हात घातला आणि इनवाला आधाराला पोचला नाही, तर चढाईपटू मधल्या रेषेपर्यंत लोळत जातो आणि दोघांनाही घेऊन जातो. म्हणून एखाद्या संघानं डावीकडूनच चढणारे तीन नामांकित खेळाडू घेतले की वर्तमानपत्रं त्यांना ‘त्रिकूट’ म्हणतात आणि माझ्या वहीत उजवा इन कोराच राहतो. तिथं मग बळंच कुणालातरी उभं करतात. समोरचा प्रशिक्षक शहाणा असला तर पहिल्या पाच मिनिटांत त्याला ही जागा सापडते.

दुसरी गोष्ट गुणांची. चढाईचे गुण, पकडीचे गुण यांचे तक्ते कुणालाही मिळतात, त्यासाठी माझी गरज नाही. मी बघतो ते सात गडी असतानाचं नाही, तीन उरल्यावरचं. सहा किंवा अधिक गडी समोर असतील तरच बोनस मिळतो. समोर गडी कमी झाले की बोनसवर जगणारा चढाईपटू एकदम गरीब होतो. उलट तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी पकड केली तर दोन गुण. काही कोपरारक्षक सातात साधे वाटतात आणि तिघांत वाघ होतात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. ती कोण घेतो? संघाचा म्होरक्या स्वतः घेतो की दुसऱ्या कुणाला ढकलतो? तिसरी चढाई घ्यायला ठरलेला माणूस नसलेले संघ मी बाजूला काढतो. त्यांची गरज यादीत दिसत नाही, चित्रफितीतच दिसते, आणि तीही सामन्याच्या उत्तरार्धात.

नेमकी गरज ओळखून केलेल्या खरेदीचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत स्वच्छ उदाहरण पुणेरी पलटणचं. डिसेंबर २०२२मध्ये नवव्या हंगामाची अंतिम फेरी ते जयपूरकडून २९-३३ असे हरले. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत दोघेही दुखापतीमुळे बाहेर होते. हरल्यावर सगळं मोडून नवा संघ बांधायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी अस्लम, मोहित, कव्हरचे संकेत सावंत आणि अबिनेश नदराजन, उजव्या कोपऱ्याचा गौरव खत्री अशी मंडळी धरून ठेवली. सुटला तो डाव्या कोपऱ्यातला फझल अत्राचली. आता यांचं पान काढा : सहा गोल भरलेले, एक रिकामा. दहाव्या हंगामाच्या लिलावात त्यांनी मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. डाव्या कोपऱ्यासाठीच. आकडा ऐकून अनेकांचे डोळे पांढरे झाले. पण बाकी सगळं घरचं असेल तर एका जागेवर लिलावाच्या पैशांची अर्धी थैली ओतता येते. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटण विजेती झाली, आणि त्या हंगामात पकडीत शादलुई सर्वांच्या वर होता.

त्याच लिलावात त्याहून मोठी बोली लागली होती. पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. संघाची थैली पाच कोटींची, त्यात किमान अठरा माणसं बसवायची. निम्म्याहून जास्त पैसे एका नावावर गेल्यावर उरलेल्यांत काय येणार? सगळ्यांत खालच्या श्रेणीची पायाभूत किंमतच नऊ लाख. पवननं आपलं काम चोख केलं, दोनशेच्या वर गुण काढले. संघ मात्र बाराव्या क्रमांकावर, म्हणजे तळाला राहिला. पवन बाद होऊन बाहेर बसला की आत उरलेले सहा जण त्याला परत कसा आणणार, याचं उत्तर त्या संघाकडे नव्हतं. टायटन्सना पवन हवा होता हे खरंच आहे. पण त्यांना त्याच्या आधी तीन माणसं हवी होती.

याच पवनची त्याआधीच्या वर्षाची गोष्ट तर आमच्या मांडणीची चेष्टाच करते. २०२२मध्ये तमिळ थलायवाजनं त्याला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. हंगाम संपला म्हणून आम्ही सगळे मोकळे झालो. आणि नरेंदर नावाच्या नवख्या पोरानं २४३ चढाई गुण काढून त्या संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेलं. कुणी म्हणेल, मग गरजांचे तक्ते कशाला, नशीबच खरं. मला तसं वाटत नाही. नवोदितांसाठी वेगळी यादी असते. तिच्याकडे लिलावाच्या गडबडीत कुणी बघत नाही, पण त्या पोराला कुणीतरी पारखून संघात आणलेलं होतंच. मी तेव्हापासून सात गोलांच्या खाली सात छोटे गोल काढतो. वरचा आडवा झाला तर त्याच जागी कोण, हे त्यात लिहायचं. बहुतेक संघांचे खालचे गोल फार केविलवाणे असतात.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये हाच उद्योग कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथं बोली नसते, पाळी असते. गेल्या वर्षी शेवटून पहिला आलेला संघ कॉलेजातून आलेल्या खेळाडूंत पहिली निवड करतो. १९३६पासूनची ही रीत. पहिल्या निवडीचा मान मिळालेला जे बर्वांगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही, ही त्यातली गंमत. त्यांच्यात एक जुना वाद आहे : रिकाम्या जागेचा माणूस घ्यायचा, की समोर असलेल्यांतला सर्वांत चांगला घ्यायचा, जागा असो वा नसो? २०१७मध्ये कॅन्सस सिटीच्या संघाकडे ॲलेक्स स्मिथसारखा जम बसलेला क्वार्टरबॅक असताना त्यांनी इतर निवडी देऊन वरचा क्रमांक मिळवला आणि पॅट्रिक महोम्सला घेतलं. एक वर्ष त्याला जवळपास बसवूनच ठेवलं. पुढं त्यानं त्यांना अजिंक्यपदं मिळवून दिली. म्हणजे त्यांनी येत्या हंगामाचं पान भरलं नव्हतं, त्याच्या पुढच्या हंगामांचं भरलं होतं. कबड्डीत एवढा धीर कुणाला परवडत नाही. दोन-तीन वर्षांनी बहुतेक जण पुन्हा लिलावात येतात.

आता आमच्या खोऱ्यातले लिलाव. हसू नका, पाटण तालुक्यातही लिलाव होतात. थंडी पडली की कुठल्या ना कुठल्या गावात लीग असते. संघमालक म्हणजे कुणी ठेकेदार, कुणी मुंबईला बस्तान बसलेला. पैशांऐवजी बहुधा गुणांची थैली. कधी वजनी गट, कधी खुला. गेल्या काही वर्षांत मला आधल्या रात्री बोलावणी येतात.

“सर, रेडर कुठला उचलू तेवढं सांगा. बाकी आमी बघतो.”

“बाकीचंच सांगायला आलोय मी.”

“ते तुमचं गोल-बिल ऱ्हावू द्या. म्हैनाभर आधी तेला सांगून ठेवलंय, तुला घेणार म्हणून.”

“सुट्टी मिळणाराय का त्याला?”

इथं गप्प होतात. कारण आमच्याकडच्या वहीत पहिला रकाना जागेचा नसून रजेचा असतो. या तालुक्याचं निम्मं मनुष्यबळ मुंबई-नवी मुंबईत. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले, आणि १९६९च्या माथाडी कायद्याच्या आधीपासून इथली घरं बंदरावर आणि बाजारात ओझी उचलून चालत आली. आजही खोऱ्यातला चांगला कोपरारक्षक बाजार समितीत पाठीवर गोणी घेतो, नाहीतर कुठल्यातरी गोदामात रात्रपाळी करतो. शनिवारी रात्री गाडीत बसायचं, रविवारी खेळायचं, रात्री परत. बाद फेरी सोमवारवर गेली की अर्धे संघ विरघळतात. म्हणून मी मालकांना म्हणतो, गावात राहणारे दोन कव्हर आधी घ्या. दिसायला साधे, हारतुरे न मिळणारे, पण रोज संध्याकाळी एकमेकांशेजारी उभे राहिलेले. कव्हरची जोडी विकत मिळत नाही. दोघं वेगवेगळे मिळतात, त्यांची जोडी व्हायला महिने लागतात. एकानं धडक मारायची आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं मागचा रस्ता बंद करायचा, हे लिलावाच्या दुसऱ्या दिवशी जमत नाही.

ऐकतात का? थोडे ऐकतात. चढाईपटूवर थैली रिकामी करायची हौस मोठी, कारण ध्वनिक्षेपकावर नाव चढाईपटूचंच गाजतं. कराडपासून कुंभार्ली घाटापर्यंत कुठंही जा, पकडीवर शिट्ट्या वाजतात त्या पकडलेल्या माणसाच्या नावानं.

या वर्षी एका मालकाकडे चांगला जमलेला संघ आहे. पान भरून झालं, उजवा कव्हर सोडून. त्या जागेला दोन पोरं दिसतात. एक चिपळूणकडचा, अंगानं भरलेला, धडक जबर, पण समोरच्यानं हुलकावणी दिली की आधीच झेपावतो. दुसरा इथलाच, वीस-एकवीसचा, हलका, पण पाय जमिनीवर ठेवून थांबतो. मालकाला पहिला हवाय. मी दुसऱ्याच्या नावापुढं खूण केलीय, आणि सरावाला दोघांनाही आमच्या डाव्या कव्हरशेजारी उभं करून बघू असं ठरलंय. चिपळूणचा रविवारी घाट चढून येतो म्हणालाय.