‘ता.’च्या पुढचं

धाकटीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायच्या होत्या. आबांची पत्त्यांची वही मी रोज थोडी थोडी मोबाईलवर टाइप केली, पावणेचारशे ओळी. आबांना हवं होतं ते साधंच. जुन्नरचा गठ्ठा वेगळा, आंबेगावचा वेगळा. म्हणजे घोडेगावातून दोन मोटरसायकली दोन दिशांना सुटतील, एक ओतूर-नारायणगावकडे, दुसरी मंचरकडे.

मी पुण्यात कोडिंग करतो. हाताने निवडत बसणं कमीपणाचं वाटलं.

प्रत्येक पत्त्यात ‘ता.’ आहे, त्याच्यापुढे तालुका. तेवढाच उचलायचा. त्यासाठी रेजेक्स असतं: मजकुराचा साचा लिहून द्यायचा, त्यात बसेल ते पायथन शोधून आणतं. पाच मिनिटांचं काम. चालवलं, आणि पडद्यावर एकाखाली एक आलं: ज, ज, आ, ज, आ. मध्येच एक ब.

‘ब’चा उलगडा आधी झाला. रेजेक्समध्ये टिंब म्हणजे ‘कुठलंही एक चिन्ह’. ‘मु. पो. तांबे, ता. जुन्नर’ या ओळीत त्याला ‘तां’मध्येच ‘ता.’ सापडला होता. अनुस्वार टिंबाच्या जागी बसला. टिंबाआधी उलटी तिरकी रेघ दिली, मग टिंब नुसतं टिंब राहिलं.

‘ज’ने मात्र रात्र खाल्ली. शब्दातलं अक्षर पकडायला मी बॅकस्लॅश डब्ल्यू वापरलं होतं. पायथनच्या नेहमीच्या रेजेक्सला काना-मात्रा-उकार, अनुस्वार ही अक्षरं वाटतच नाहीत. जुन्नरच्या ‘ज’ला उकार लागला की त्याच्या लेखी शब्द संपला. बाराखडी घोकून घेणाऱ्या आमच्या बाईंना हे दाखवायला हवं होतं.

शेवटी अक्षरं ओळखायचा नाद सोडला आणि हे लिहिलं:

(?<=ता\. )[^,]+

म्हणजे मागे वळून बघ, ‘ता.’ आणि मोकळी जागा आहे का. असेल तर ती घेऊ नकोस. तिच्यापुढचं स्वल्पविराम येईपर्यंत घे. जुन्नर अख्खं आलं, आंबेगावही.

सकाळी नाव आणि तालुका अशी यादी आबांच्या हातात दिली. चष्मा कपाळावर सारून ते अंगठ्याने वर सरकवत गेले आणि थांबले.

“मामांच्या पुढं नुसतं आंबेगाव?”

“तालुका आहे तो, आबा.”

“आणि गाव?”

वही काढली. ‘मु. पो. आंबेगाव, ता. आंबेगाव, जि. पुणे.’ पहिलं आंबेगाव डिंभे धरणात गेलं. तालुक्याने नाव ठेवलं, कचेरी घोडेगावात. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं, तेही याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आबा एकदा तरी तिकडे चक्कर मारून येतात. त्यांचं लहानपण मामांच्या ओट्यावर गेलं. मामा कधीचे मंचरला मुलाकडे राहतात. घरात सगळ्यांना माहीत, पण वहीत ती ओळ तशीच.

माझ्या साच्याने ‘ता.’च्या मागचं सगळं टाकून दिलं होतं. मी सांगितलं होतं तसंच.

“गावाचा रकाना जोडतो,” मी म्हणालो. आबांनी तोवर पाकीट ओढून पेन उघडलं होतं. सावकाश लिहिलं, मु. पो. आंबेगाव.

“आबा, पण पत्रिका मंचरला द्यायचीय ना?”

“द्यायची मंचरलाच,” ते म्हणाले, आणि शाई वाळायला पाकीट खिडकीत ठेवलं.