खांदा, कंबर, बूड

नक्षी बघायची नाही, रंग बघायचा नाही, भांड्याची नुसती कड वहीत उतरवायची, असं ठरवून मी सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा तिसरा मजला गाठला. कोरियन सुरयांचे आकार कसे बदलत गेले ते शिकायचं होतं. साध्यापासून सुरुवात झाली असेल आणि पुढे घाट अवघड होत गेला असेल, अशी माझी समजूत.

ती लगेच ढासळली. गोर्यो राजवटीचा राजा इन्जोंग ११४६ साली वारला. त्याच्या थडग्यातली म्हणून ओळखली जाणारी सुरई समोर होती: आठ फाकांचं खरबूज, वर उमललेल्या फुलाचं तोंड, खाली चुण्यांची बैठक. हे एवढं सगळं आधीच?

शेजारी मेब्योंग नावाच्या घाटाची सुरई. तोंड एवढंसं, खांदे भरदार, खाली कंबर आवळलेली. घाट मुळात चीनमधून आलेला. गोर्यो काळातल्या कुंभारांनी त्याला अशी लवचीक वळणं दिली. फुलदाणीच असणार, असं मी धरून चालले. पण मग एवढे खांदे कशाला? याचा उलगडा मागाहून वाचताना झाला. कोरियातल्या मादो बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून २०१० साली मेब्योंग निघाल्या, सोबत बांबूच्या पट्ट्या. त्यांवर लिहिलेलं: एकीत मध, दुसरीत तिळाचं तेल. मला त्या खांद्यांचा अर्थ तेव्हा लागला. पोटात पुष्कळ मावावं आणि तोंड मात्र झटकन बंद करता यावं!

पांढऱ्या लेपाच्या बुनचोंग भांड्यांच्या दालनात मी फार थांबले नाही. पाय अडले ते गोर्योनंतरच्या जोसन काळातल्या पांढऱ्या दालहांगारीपाशी. दालहांगारी म्हणजे चंद्र-रांजण, सतराव्या-अठराव्या शतकातला. ना नक्षी, ना मान. हा तरी सोपा, म्हणून पेन्सिल टेकवली. डावी बाजू जमली, उजवी जुळेना. खोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं.

शेवटी वाकून नीट पाहिलं. पोटाच्या मध्यावर पुसटसा सांधा होता. एवढा मोठा गोल चाकावर एका दमात उचलला तर ओली माती स्वतःच्याच भाराने बसते. म्हणून दोन मोठे वाडगे वेगवेगळे घडवायचे आणि काठाला काठ लावून जोडायचे. भट्टीत तो सांधा थोडा सरकतो, गोल थोडा कलतो.

मी तिसऱ्यांदा रेषा काढली, मध्यावरच्या फुगवट्यासकट, आणि खोडरबर पिशवीत टाकलं.