बाराखडीतून हिब्रू

इस्रायलमधल्या बेरशेवा शहरात रस्त्यांच्या पाट्या तीन लिप्यांत असतात: हिब्रू, अरबी आणि इंग्रजी. त्यांपैकी पहिल्या दोहोंत बहुतेक स्वर लिहिलेलेच नसतात. दुकानाची पाटी, विजेचं बिल, बसथांब्यावरची सूचना, सकाळचं वर्तमानपत्र, कुठेही बघा, व्यंजनं तेवढी उजवीकडून डावीकडे चाललेली दिसतात. त्यांतले आ, ए, ओ वाचणाऱ्यानं आपल्या जवळचे घालायचे. इथे वाढलेल्या माणसाला यात काही वेगळं वाटत नाही. नव्यानं आलेल्याला मात्र सारं शहर अर्ध्या आवाजात बोलत असल्यासारखं वाटतं.

हिब्रूची अक्षरं 22, आणि सगळी व्यंजनं. सामेख, पे, रेश ही तीन अक्षरं लागोपाठ आली, तर तो शब्द 'सेफेर' म्हणजे पुस्तक असू शकतो, किंवा 'सापार' म्हणजे न्हावी. आलेफ, हे, वाव आणि योद ही चार अक्षरं काही ठिकाणी स्वराचं काम करतात, पण सगळीकडे नाही. म्हणून नवशिक्याला 'निकुद' शिकवतात. निकुद म्हणजे अक्षरांच्या खाली, वर आणि पोटात द्यायचे ठिपके आणि रेघा. परदेशातून आलेल्या प्रौढांना भाषा शिकवणाऱ्या वर्गाला इथे उल्पान म्हणतात. पहिलं उल्पान जेरुसलेमला 1949 साली निघालं. 1951 मध्ये तर नव्या स्थलांतरितांसाठी 'ओमेर' नावाचं एक अख्खं दैनिक निकुद देऊन छापलं जाऊ लागलं. आज निकुद दिसतो तो मुलांच्या पुस्तकांत, कवितेत, प्रार्थनेच्या पोथ्यांत, शब्दकोशांत आणि आमच्यासारख्या शिकणाऱ्यांच्या वह्यांत.

या ठिपक्यांमागे केवढी निष्ठा आहे, हे कळलं की त्यांचा कंटाळा येत नाही. हिब्रू रोजच्या बोलण्यातून गेली, तेव्हा धर्मग्रंथाचे उच्चार पिढ्यांगणिक बदलतील अशी धास्ती निर्माण झाली. ग्रंथातलं एक अक्षरही वाढवायचं नाही, असा दंडक होता. तेव्हा गालील सरोवराकाठच्या तिबेरियास गावातल्या विद्वानांनी इसवी सनाच्या साधारण सातव्या ते दहाव्या शतकांत अक्षरांना हात न लावता त्यांच्याभोवती खुणा बसवल्या. आपल्याकडे वेदपाठात अक्षराच्या खाली आडवी आणि वर उभी रेघ देऊन स्वर राखले, त्याच जातीचं हे काम. अहरोन बेन आशेर यांनी 930 च्या सुमारास ज्या हस्तलिखितावर या खुणा केल्या, ते आज जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे.

एवढी जुनी आणि काटेकोर व्यवस्था आपण भारतीय शिकतो कशी? इंग्रजी पाठ्यपुस्तकातून, रोमन लिपीच्या आधारानं. माझं म्हणणं याच मुद्द्यावर आहे. मराठी माणसानं हिब्रूचे स्वर रोमन अक्षरांतून शिकू नयेत, बाराखडीतून शिकावेत.

रोमन लिपीत 'ए' या एका अक्षराचे उच्चार किती, हे इंग्रजी शिकताना आपण सगळ्यांनी सोसलेलं आहे. तोच घोळ हिब्रूसाठी पुन्हा कशाला? आजच्या बोलीत हिब्रूचे मूळ स्वर पाचच आहेत: आ, ए, इ, ओ, उ. कामात्स आणि पताख या दोन्ही खुणांचा आ. त्सेरे आणि सेगोल यांचा ए. हिरिक म्हणजे अक्षराखाली एक ठिपका, तो इ. होलाम वर, तो ओ. शुरुक आणि कुबुत्स, दोन्ही उ. ऱ्हस्व-दीर्घ भेद बोलण्यात उरलेला नाही. मोडी वाचता येणाऱ्याला याचंही नवल वाटणार नाही, कारण मोडीत इ-ई ला एकच वेलांटी आणि उ-ऊ ला एकच उकार आहे. देवनागरीत या खुणांचे उच्चार अर्ध्या पानात मांडून होतात.

आणि माझ्यासारख्या वर्ध्याच्या माणसाला तर आलेफ हे अक्षर ओळखीचंच निघतं. आलेफला आता स्वतःचा आवाज असा फारसा उरलेला नाही. त्याखाली हिरिक दिला की इ, सेगोल दिला की ए, वर होलाम दिला की ओ. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली 1935 साली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन झालं, त्यानंतर काका कालेलकरांच्या समितीनं लिपीसुधारणा सुचवल्या. त्यांतली एक होती 'अ'ची बाराखडी. स्वतंत्र इ, उ, ए काढून टाकायचे आणि अ लाच मात्रा देऊन अि, अु, अे लिहायचं. सावरकरांचाही हाच आग्रह होता आणि 'किर्लोस्कर' मासिकानं हे लेखन चालवलंही. वर्ध्यात 1936 साली राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, तिच्या पुस्तकांतही ही बाराखडी छापली गेली. माझी आई समितीच्या 'कोविद' परीक्षेला बसली होती. तिच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांत 'अेक' आणि 'अिमली' वाचतच मी मोठी झाले. त्यामुळे आलेफ म्हणजे मात्रा घेणारा अ, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढच्या अडचणीही मराठीतून सोप्या होतात. श्वा नावाची खूण, उभे दोन ठिपके, कधी ओझरता ए होते, जसा 'येलादिम' म्हणजे मुलं या शब्दाच्या आरंभी. कधी काहीच होत नाही, जसं 'मिख्ताव' म्हणजे पत्र. ही दुसरी श्वा म्हणजे आपला पाय मोडलेला ख्. शब्दाच्या शेवटी खेत अक्षराखाली पताख आला, तर तो अक्षराच्या आधी वाचायचा: सफरचंद 'तापुआख', 'तापुखा' नव्हे. उल्पानमधल्या कितीतरी देशांच्या लोकांना हे उलटं वाटतं. आपण तर 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि नंतर उच्चारतो. इथे त्याचा उलटा क्रम. कामात्स काही थोड्या शब्दांत ओ होतो, उदाहरणार्थ 'खोख्मा' म्हणजे शहाणपण. 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच लिहून वेगळा वाचणाऱ्यांनी त्यावर का अडून बसावं?

बिनठिपक्यांचं वाचन शेवटी ज्या बळावर जमतं, ते बळही मराठीत आहे. हिब्रूत व्यंजनं अर्थाचा गाभा धरून ठेवतात आणि स्वर त्या गाभ्याला रूप देतात. 'काताव' म्हणजे त्यानं लिहिलं, 'कोतेव' म्हणजे तो लिहितो. सापार न्हावी, ताबाख आचारी, नागार सुतार: कारागिराचं नाव म्हटलं की आ-आ हा साचा. आपणही मरतो-मारतो, पडतो-पाडतो, गळतो-गाळतो म्हणतोच. व्यंजनं तीच, स्वर फिरला की करणारा फिरतो. मराठीत ही मोजकी जोडपी आहेत, हिब्रूत अख्खं व्याकरण यावर उभं आहे. असे साचे कानात बसले की ठिपके नसले तरी डोळा योग्य स्वर उचलतो. म्हणून मी निकुद सोडायची घाई करत नाही. साचा आधी ठिपक्यांसह मनात मुरावा लागतो.

मराठीतून हिब्रू ही माझी कल्पना नव्हे. मुंबईत जॉन विल्सन यांनी बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, ते 1832 साली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ एझेकियल राजपूरकर (1834–1905) यांनी आयुष्यभर प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. त्याच समाजाची माणसं पुढे बेरशेवा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत येऊन वसली. आमच्या इमारतीतल्या मावशी मूळच्या अलिबागकडच्या. त्यांच्याकडे 'मायबोली' हे इथूनच निघणारं मराठी त्रैमासिक येतं, आणि त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात हिब्रू शब्द देवनागरीत छापलेले आहेत. "अगं, आधी हे पाठ, मग ते ठिपके ओळखीचे होतात," असं त्या मला सांगतात. कोकणच्या आणि वर्ध्याच्या मराठीत अंतर कितीतरी, पण या पुस्तकावर आम्हा दोघींचं बोट एकाच ओळीवरून फिरतं.

वर्ध्यात 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नयी तालीमचा विचार देशभर गेला. मुलाचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं, हा त्यातला एक मुख्य आग्रह. आपण तो शाळेपुरता ठेवला. नवं शहर आणि नवी भाषा शिकणाऱ्या प्रौढालाही तो तितकाच लागू आहे. आज अभ्यासासाठी, संशोधनासाठी, वृद्धांच्या शुश्रूषेसाठी भारतातून माणसं इस्रायलला येत आहेत. त्यांतल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात हातात धरता येईल असं एक देवनागरी पुस्तक हवं: एका बाजूला निकुदची खूण, समोर आपली मात्रा, खाली रोज दिसणारे शब्द. त्याची वही मी करायला घेतली आहे. मावशी उच्चार तपासतात, उल्पानच्या शिक्षिका ठिपके तपासतात. कच्ची पानं आमच्या वर्गातल्या दोन मराठी मुलांनी वापरायला घेतलीही, आणि आता ती औषधाच्या चिठ्ठीवरची निकुद नसलेली नावंसुद्धा मोठ्यानं वाचायला धजतात.