उतार

चढणाऱ्यांचे कौतुक जगाने पुष्कळ केले आहे. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला जे पाहुणे येतात, ते कोणत्याही विषयावर बोलू लागोत, शेवटी आम्हाला यशाच्या शिखरावर नेऊन सोडतात. तिथून खाली कसे यायचे, हे मात्र आजवर एकाही पाहुण्याने सांगितलेले नाही. जणू शिखरावर चहापाण्याची कायमची सोय आहे!

भाषेनेही उताराला फारसे बरे वागवलेले नाही. उतरती कळा, उतरलेला चेहरा, उतारवय. सगळी खिन्न मंडळी. ताप उतरला किंवा विंचू उतरला, तरच आपल्याला उतरण्याचा आनंद. म्हणूनच, खास उतारासाठी बांधलेली सायकल जगात आहे असे कळले, तेव्हा ती पाहण्याआधीच मला तिच्याविषयी माया वाटली.

आमचे शहापुरात सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. आप्पा ते चाळीस वर्षे चालवत आहेत. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. पंक्चर काढणे जमते. पण चाकाचा आउट काढणे, म्हणजे डुगडुगणारे चाक तारा आवळून, सैल करून सरळ करणे, हे काम त्यांच्या हातून निसटू लागले आहे. काका म्हणतात, "दुकान बंद करा आणि गाळा मोबाईलवाल्याला भाड्याने द्या." हिशेबाने पाहिले तर काकांचे खोटे नाही. आप्पा त्यावर काही बोलत नाहीत. हातातला पाना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पुसत बसतात, एवढेच.

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर बेंगळूरूचा एक तरुण दुकानाशी येऊन थांबला. मोटारीच्या पाठीला सायकल बांधलेली. चोर्ल्याच्या बाजूला डोंगरवाटांवर निघाला होता. पण आदल्याच दिवशी मागचे चाक दगडावर आपटून वाकडे झाले होते. आप्पा त्याच्याशी कन्नडात बोलू लागले आणि मी सायकलकडे पाहत राहिले. मोटारसायकलीचे इंजिन कोणी काढून नेले असावे, तसे तिचे रूप. हँडल पाऊण मीटरहून रुंद, टायर अडीच इंची, ब्रेकच्या तबकड्या ताटलीएवढ्या. पुढच्या फोर्कमध्ये हवा आणि तेल भरलेले. चाकाला वरखाली होण्याची मोकळीक १७० मिलिमीटर. मागच्या चाकालाही जवळजवळ तेवढीच. या जातीला 'एन्ड्युरो' म्हणतात.

या सायकलीचे घराणे पाहिले, तर ते थेट आमच्यासारख्या दुकानांतून निघालेले आहे. १९७६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, काही तरुण एका डोंगरावरून जुन्या सायकली खाली पळवण्याची शर्यत लावू लागले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यांतली पुढे गाजलेली नावे. सायकली १९३० ते ४० च्या सुमाराच्या, जाड टायरच्या, भंगारातून उचललेल्या. वाट सुमारे दोन मैलांची आणि तेवढ्यात उतार १३०० फुटांचा. ब्रेक एकच, उलटे पेडल मारले की मागच्या हबमध्ये लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर होई, आणि पुन्हा नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. हे मी आप्पांना वाचून दाखवले, तेव्हा ते कितीतरी दिवसांनी मोकळे हसले. "ग्रीस जळलं? मग पोरं घाबरली नाहीत म्हणायची की!"

पुढे १९९० च्या सुमारास सायकलींना दबणारे फोर्क आले. तेव्हा मोकळीक असे जेमतेम दोन इंचांची. ती वाढत वाढत आज सहा-सात इंचांवर आली आहे. एन्ड्युरोच्या जागतिक मालिकेची सुरुवात २०१३ साली झाली आणि २०२३ पासून तिला विश्वचषकाचा दर्जा मिळाला. तिचा नियम मला फार आवडतो. डोंगर ज्याने त्याने बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी चढायचा. नेमल्या वेळेत वर पोचले म्हणजे झाले. घड्याळ लागते ते उतरताना. सगळ्या उतारांच्या वेळांची बेरीज ज्याची कमी, तो जिंकला. आमच्या पाहुण्यांना हा नियम कोणीतरी कळवायला हवा.

चाकाचे काम मात्र अडले होते. आप्पांनी दोनदा चावी निपलला लावली आणि दोनदा ती घसरली. तो तरुण समजूतदार; रस्त्याकडे पाहत उभा राहिला. मग आप्पांनी चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. "मी ऐकतो. तू फिरव."

ऐकतो, हे अक्षरशः खरे होते. नखाने एकेक तार छेडून ते तिचा सूर घेत. मागच्या चाकात दातेरी चक्रांच्या बाजूच्या तारा अधिक ताणलेल्या असतात, त्यांचा सूर चढा. दुसऱ्या बाजूच्यांचा उतरता. पण एका बाजूच्या तारा आपसात जुळल्याच पाहिजेत. "ही ढिली बोलते. पाव फेरी. बास, बास की!" दीड तासात चाक सरळ फिरू लागले. त्या दीड तासात आप्पांच्या हाताची थरथर एकदाही आमच्या आड आली नाही.

चाक तपासायला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हा दोघांना राजहंसगडाच्या पायथ्याशी घेऊन गेला. "तुम्हीच चाक सरळ केलंत, तर थोडं चालवून बघा," तो मला म्हणाला. माझे वजन त्याच्याहून बरेच कमी, म्हणून त्याने फोर्कमधली थोडी हवा सोडली. मी उभी राहताच सायकल किंचित खाली बसली. मला वाटले, काहीतरी बिघडले. पण नाही; स्वाराच्या नुसत्या वजनाने ती सुमारे पाव हिस्सा दबलीच पाहिजे, अशीच तिची जुळणी असते. आधीच थोडी वाकलेली असते, म्हणून खड्डा आला की चाक खाली जाऊन जमीन धरू शकते. ताठ उभी राहिली असती, तर प्रत्येक खड्ड्यात चाक हवेत गेले असते. आणि दबलेली स्प्रिंग स्वाराला उडवून देत नाही, ती तेलामुळे. तेल बारीक छिद्रांतून सावकाश वाहते आणि धक्क्याचा जोर उष्णतेत जिरवते.

हँडलजवळचे बटण दाबून वजन टाकले, की सीट खाली जाते. फोर्क इतका पुढे कललेला, की तो जमिनीशी ६४ अंशांचा कोन करतो. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत हाच कोन ७३ च्या आसपास असतो. चाक पुढे, स्वार खाली आणि मागे. म्हणून उतारावर डोक्यावरून पालथे पडण्याची भीती कमी. लहानपणापासून मला शिकवलेले, की उताराला पुढचा ब्रेक धरू नये. इथे उलटे. उतारावर ब्रेक लावला, की भार पुढच्या चाकावर जातो. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढच्याच ब्रेकचे, तो एका बोटाने हळूहळू दाबायचा. नजर चाकाखालच्या दगडावर नाही, पुढच्या वळणावर. कोपर आणि गुडघे सैल. मी दोनच उतार उतरले, तेही बेताने. पण पोटात जो गोळा होता, तो दुसऱ्या उताराला नव्हता.

खाली आले तेव्हा आप्पा मागचे चाक उचलून, फिरवून पाहत होते. मग हळूच म्हणाले, "टिकला की आउट."

निघताना त्यांनी त्या तरुणाला सांगितले, "निधान होग्री." कन्नडात निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. बेळगावात वाढल्यामुळे मला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू आले.

आप्पांचे हात आता पुन्हा स्थिर व्हायचे नाहीत, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. पदवीनंतर मी काय करणार, तेही ठरलेले नाही. पण काकांना मी कळवले आहे, की गाळा यंदा भाड्याने द्यायचा नाही. चाके येत आहेत. आप्पा स्टुलावर बसून ऐकतात आणि मी चावी फिरवते, एका वेळी पाव फेरी.