न दिसलेला फरक

पैसा कष्टाचा असला म्हणजे वस्तू घेताना मनुष्य दहा वेळा विचार करतो. आणि ती वस्तू आपल्या पिढीची नसली तर वीस वेळा. आमच्या धाकट्याने संगणकावर खेळण्यासाठी नवा मॉनिटर मागितला, तेव्हा माझी हीच अवस्था झाली. निम्मी रक्कम त्याने सुटीत काम करून स्वतः जमविली होती. तरीही घरात धडधाकट मॉनिटर असताना हा खर्च कशाला, असे मी विचारलेच.

"बाबा, तो ६० हर्ट्झचा आहे. मला २४० चा हवा," तो म्हणाला.

हर्ट्झ हे मूळ एका जर्मन शास्त्रज्ञाचे नाव. मॉनिटर एका सेकंदात जितक्या वेळा चित्र नव्याने दाखवू शकतो, तितके त्याचे हर्ट्झ. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर जेमतेम ७, आणि २४० वर ४ हून किंचित अधिक. मी म्हटले, "अरे, सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, आणि आम्ही रडतो-हसतोच ना?" त्यावर तो उत्तरला, "सिनेमा आपण नुसता पाहतो, बाबा. खेळात हात चालवावा लागतो. मोटार वळवली की ती वळलेली लगेच दिसली पाहिजे." उत्तर मला पटले.

परंतु मोठा आकडा म्हणजे मोठा लाभ असे नसते. संगणकाने सेकंदाला तितकी चित्रे तयार केली, तरच मॉनिटर ती दाखविणार. किती चित्रे तयार होतात हा आकडा खेळ चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात पाहता येतो. आमचा आकडा ९० ते १३० च्या दरम्यान फिरत होता. म्हणजे २४० चे पैसे वाया जाणार होते. हे मुलाने स्वतः मोजून मान्य केले, याचा मला आनंद वाटला. बेळगावच्या बाजारात आम्ही १४४ हर्ट्झचा, आयपीएस जातीचा मॉनिटर घेतला. संगणकाची गती खालीवर झाली तरी तिच्याशी जुळवून घेण्याची सोय त्यात होती. तशी सोय नसेल तर वेगवान दृश्यात चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसते.

घरी आणून जोडला. मी चष्मा पुसून पाहिले. काहीच फरक नाही! मुलालाही दिसेना. माझा तोल सुटला. "तुझ्या हट्टापायी पैसे पाण्यात गेले. आकड्यांची भूल घालून बापाला फसविलेस," असे मी सर्वांसमक्ष बोललो. तो काही बोलला नाही. त्या रात्री रोजरीच्या वेळी त्याचा आवाज ऐकू आला नाही.

सकाळी त्याने मला हाक मारली. दोष मॉनिटरचा नव्हता. संगणकाच्या सेटिंगमध्ये, डिस्प्लेच्या प्रगत भागात, आकडा ६० वरच राहिला होता. नवा मॉनिटर जोडल्यावर तो पुष्कळदा आपल्या हातानेच बदलावा लागतो. त्याने १४४ निवडले आणि माउसचा बाण पडद्यावर गोल फिरविला. आदल्या दिवशी तुटक उड्या मारणारा बाण आता पाण्यावरून सरकावा तसा फिरत होता. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनाही ते दिसले.

संत थोमास प्रभूच्या जखमा पाहिल्यावाचून विश्वास ठेवीना, म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. परंतु डोळ्यांनी पाहताच त्याने क्षणाचाही विलंब न लावता आपली श्रद्धा प्रकट केली. मी मात्र सकाळी पाहिले आणि "चुकलो" हा एक शब्द उच्चारायला संध्याकाळ उजाडू दिली. अखेर रोजरी सुरू होण्यापूर्वी, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्याचसमोर, मी मुलाची क्षमा मागितली. तो संकोचाने हसला आणि पहिला गूढार्थ त्यानेच सुरू केला.

वाचकहो, तुमच्या घरी असा मॉनिटर यावयाचा असेल, तर आधी संगणकाची चित्रे मोजा, मगच आकडा निवडा, आणि जोडल्यावर सेटिंग अवश्य तपासा. मुलाला बोल लावणे त्यानंतरही जमण्यासारखे असते. बहुधा त्याची गरज उरत नाही.