दहा टक्के, पण कशाचे?

शेकडेवारीचं सूत्र मुलं पटकन पाठ करतात. 'कशाचे टक्के?' हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या मनात येत नाही. या सुट्टीत मी न्यू जर्सीला मुलाकडे गेले होते. तिथल्या समुद्री माशांच्या टाकीने माझ्या सातवीतल्या नातवाला हा धडा छान शिकवला.

टाकीत खारं पाणी, जिवंत प्रवाळ आणि दोन क्लाउनफिश आहेत. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं असतं. नातवाने पट्टी लावली. 90 × 45 × 45 सेंमी, म्हणजे 182 लिटर. "आजी, 18 लिटर काढू या!"

मी विचारलं, "अरे, टाकी काठोकाठ भरली आहे का? आणि आतले दगड, वाळू?"

टाकी पहिल्यांदा भरताना मुलाने पाणी मोजून वहीत नोंद केली होती : 138 लिटर. म्हणजे दहा टक्के झाले सुमारे 14 लिटर. घरातली बादली 5 गॅलनची, म्हणजे जवळजवळ 19 लिटरची. 'एक बादली' असं म्हणून भागणार नव्हतं. आम्ही मापाने 14 लिटर पाणी ओतून बादलीवर रेघ मारली. काढायचं रेघेपर्यंत, घालायचंही रेघेपर्यंत.

खरी गंमत पुढेच आहे. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र मागे राहतं. समजा, 2 लिटर पाणी उडालं आणि ती तूट आपण खाऱ्या पाण्याने भरली. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम धरले, तर 70 ग्रॅम मीठ जास्तीचं पडलं. दर आठवड्याला असंच होत राहिलं तर खारटपणा चढत जातो, आणि प्रवाळ काही उठून दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. म्हणून आधी काचेवरच्या खुणेपर्यंत शुद्ध गोडं पाणी घालायचं, मगच 14 लिटर काढायचे.

नातू म्हणाला, "म्हणजे पाणी कमी झालं, पण मीठ तेवढंच राहिलं!" प्रमाण त्याला कळलं होतं.

शिक्षक मित्रांनो, पालकहो, यासाठी समुद्र लागत नाही. एक चौकोनी डबा, थोडे दगड आणि मापाचं भांडं पुरे. आधी लांबी, रुंदी, उंचीवरून घनफळ काढायला सांगा, मग दगड ठेवून डब्यात प्रत्यक्ष किती पाणी मावतं ते मोजू द्या. फरक म्हणजेच दगडांचं घनफळ. नंतर दगड काढून पाण्यात शाई टाका, आणि दहा टक्के पाणी दोनदा बदलायला सांगा. दर वेळी नीट ढवळून. शाई किती उरली? बरीच मुलं 80 टक्के म्हणतील. उत्तर आहे 81, कारण दुसऱ्या वेळचे दहा टक्के उरलेल्या 90 चे असतात.