विहिरीवरचा उन्हाळा

खानदेशातला मे सांगून कळत नाही, तो अंगावरच घ्यावा लागतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास, रानात कपाशीची वाळकी पऱ्हाटी, शाळेला सुटी आणि पोरांना एकच वेड, विहीर. कमरेला प्लास्टिकचा रिकामा कॅन बांधायचा नि थोरल्या भावाच्या भरवशावर पहिली उडी टाकायची. नाकातोंडात पाणी, डोळे लालभडक, वरून मुटके मारणाऱ्यांचा दंगा. बाहेर यावं तर काठावरचा दगड तळपायाला चटका देतो. म्हणून पुन्हा पाण्यात. पोहायच्या विहिरी आमच्याकडे बहुतेक खासगीच. मालक ओरडतो, ढेकूळ भिरकावतो, कपडे लपवून ठेवतो. कमरेचा पट्टा काढायचा की नाही, हे मात्र आडनाव पाहून ठरतं.

जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातल्या वाकडीत तो पट्टा निघाला. मातंग समाजाची अल्पवयीन मुलं विहिरीत पोहली म्हणून त्यांना उघडं करून मारलं, वर मोबाइलवर चित्रीकरण केलं. ती चित्रफीत देशभर फिरली, अटक झाली, पुढारी येऊन गेले. आरोपी भटक्या जमातीतले असल्याचं सांगण्यात आलं, तेव्हा ते सवर्ण नाहीत म्हणून काहींना चक्क हायसं वाटलं. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा ९१ वर्षं झाली होती.

महाडचा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न निदान आपण तोंडानं तरी मान्य केलाय. तहानलेल्याला नाही म्हणणं आता शोभत नाही. पण वाकडीची पोरं तहानलेली नव्हती. ती मजा करायला गेली होती! गावच्या तरुणांचं भलं म्हटलं की आपल्याला शिष्यवृत्ती आठवते, पोलीस भरती आठवते, फार तर व्यायामशाळा. मजेचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. अमळनेरच्या शाळेत ज्यांनी मुलांवर आईसारखी माया केली, ते साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. देवळासाठी बसणारा निदान एक तरी निघाला. पोरांच्या मुटक्यासाठी कोण बसणार?

आणि हे सगळं पोरग्यांचंच चाललंय. पोरी विहिरीवर दिसतात त्या धुण्याचे पिळे घेऊन. लेकीच्या कमरेला कॅन बांधून तिला पाण्यात सोडणारा बाप रावेरपासून साक्रीपर्यंत शोधावा लागेल. सापडलाच, तर घरी गेल्यावर बायकोच त्याला आधी विचारील, “लोक काय म्हनतीन?”